आकाशातून हवेचा हिशेब

(कुर्डुवाडी येथे पालक व विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपण सोलापूर जिल्ह्यातील माणसे पाण्याबद्दल बारा महिने बोलतो. उजनी किती टक्के भरली, कालव्याला पाणी कधी सुटणार, विहिरीला किती परस पाणी आहे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ज्याची टंचाई भासते त्याचा हिशेब माणूस आपोआप ठेवतो. परंतु अन्नावाचून माणूस काही आठवडे काढू शकतो, पाण्यावाचून काही दिवस काढतो, हवेवाचून मात्र त्याला काही मिनिटेही काढता येत नाहीत. मोठा माणूस दिवसाकाठी सुमारे दहा ते अकरा हजार लिटर हवा आत घेतो. पाण्याचा हंडा आपण फडक्याने गाळून घेतो, हवा मात्र जशी येईल तशी घ्यावी लागते. असे असूनही तिचा हिशेब आपण ठेवत नाही, कारण ती फुकट मिळते आणि डोळ्यांना दिसत नाही.

हा हिशेब आज कोणी, कसा आणि कोठून ठेवतो, हे सांगण्यासाठी मी आपल्यापुढे उभा आहे. तो हिशेब पुष्कळसा आकाशातून, कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने ठेवला जातो. त्यात कुर्डुवाडीचेही पान आहे. मात्र ते पान अर्धवट भरलेले आहे, आणि ते पूर्ण करण्याचे काम आपल्याच मुला-मुलींना करावे लागणार आहे. एवढाच माझ्या भाषणाचा मुद्दा आहे.

हवा दुरून मोजण्याची ही कल्पना काही काल-परवाची नव्हे. आपल्यातील बहुतेकांच्या रोजच्या परिचयाची एक गोष्ट घ्या. फजरच्या नमाजाची वेळ सूर्य उगवण्याच्या बऱ्याच आधी सुरू होते. पूर्वेच्या क्षितिजावर पांढरा प्रकाश आडवा पसरू लागतो, त्याला सुबह सादिक म्हणतात. त्या वेळी सूर्य क्षितिजाच्या खाली साधारण अठरा अंशांवर असतो. मग सूर्य दिसत नसताना हा उजेड येतो कोठून? तो येतो हवेतून. जमिनीआडच्या सूर्याचे किरण उंचावरील हवेला लागतात, हवा ते विखुरते आणि त्यातील थोडासा प्रकाश आपल्याकडे खाली पाठवते. पृथ्वीला हवेचे आवरणच नसते, तर पहाट झालीच नसती. चंद्रावर हवा नाही म्हणून तेथे काळोखातून एकदम सूर्य वर येतो.

अकराव्या शतकात अंदलुस प्रांतात, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, इब्न मुआज अल्-जय्यानी नावाचे एक गणिती व काझी होऊन गेले. त्यांनी याच पहाटेच्या प्रकाशावरून हवेच्या थराची उंची काढली. सूर्य किती अंश खाली असताना उजेडाची पहिली रेघ दिसते हे धरून आणि पृथ्वीचा घेर लक्षात घेऊन त्यांनी भूमितीच्या आधारे उत्तर काढले, ते सुमारे ५२ मैल. हा ग्रंथ पुढे कित्येक शतके प्रकाशशास्त्राचे महापंडित इब्न अल्-हैथम यांच्या नावावर चालत आला. विसाव्या शतकात संशोधकांनी तो मूळ कर्त्याच्या नावे लावला. आज आपण जाणतो की हवेला भिंतीसारखी ठळक सीमा नसते, ती वर जावे तसतशी विरळ होत जाते आणि तिचा तीन चतुर्थांश भाग तर खालच्या दहा-बारा किलोमीटरांतच असतो. तरीही त्या काझीसाहेबांची रीत खरी होती. ते हवेपर्यंत गेले नाहीत, हवेतून आलेल्या प्रकाशाला त्यांनी साक्षीदार केले. उपग्रहदेखील नेमके हेच करतो.

आता हवेत काय असते ते पाहू. कोरड्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो, उरलेल्या एका टक्क्यात आर्गॉन व इतर वायू येतात. हे झाले पुस्तकातील उत्तर. प्रत्यक्षात त्यात धूळ, काजळी, राख, परागकण, इंजिनातून निघणारे नायट्रोजन डायऑक्साइड आणि कोळसा जळाल्यावर निघणारे सल्फर डायऑक्साइड अशा पुष्कळ गोष्टी मिसळलेल्या असतात. त्यांतील सर्वांत घातक म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या कणाचा बारीकपणा ध्यानात यावा. जाड धूळ नाकात अडकते, शिंकेने बाहेर पडते. हा बारीक कण नाकाला चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि तेथून रक्तातही उतरू शकतो. दमा, दीर्घ खोकला, हृदयविकार यांच्याशी त्याचा संबंध वैद्यकशास्त्राने सिद्ध केला आहे. लहान मुलांच्या वाढत्या फुप्फुसांना त्याचा त्रास अधिक होतो.

हे कण किती चालतील याची मर्यादा ठरलेली आहे. आपल्या देशाच्या २००९ सालच्या मानकाप्रमाणे एका घनमीटर हवेत त्यांची वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा ५ मायक्रोग्रॅम असावी असा सल्ला दिला. या दोन आकड्यांत आठपट अंतर आहे. म्हणजे आपल्या कायद्याने 'चालेल' म्हटलेली हवाही आरोग्याच्या दृष्टीने निर्दोष असतेच असे नाही.

कुर्डुवाडीचे गाव रेल्वेवर वाढले. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी येथून बार्शीला धावू लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती बांधली. पुढे ती एका बाजूस लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूस पंढरपूर करून मिरजेपर्यंत गेली. ज्या वडीलधाऱ्यांनी वाफेची इंजिने पाहिली आहेत, त्यांना कोळशाचा वास आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काजळी आठवत असेल. आता ती इंजिने गेली, रूळ रुंद झाले आणि मुख्य मार्गावर विजेची इंजिने आली. धूर दिसेनासा झाला. पण धूर दिसेनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असे मात्र नव्हे. वाहनांचा धूर, जाळलेला कचरा, वीटभट्ट्या, उघड्या रस्त्यांची धूळ आणि उसाचे पेटवलेले पाचट यांचे बारीक कण त्या काजळीसारखे कपड्यावर काळे उमटत नाहीत, एवढाच फरक आहे.

मग न दिसणारी ही वस्तू शेकडो किलोमीटर उंचीवरून उपग्रहाला कशी दिसते? शाळेतील लोलकाचा प्रयोग आठवा. सूर्यप्रकाश लोलकातून गेला की त्याचे सात रंग वेगळे होतात. प्रत्येक वायूची एक खोड असते. तो प्रकाशातील आपले ठरावीक रंग शोषून घेतो आणि बाकीचे सोडून देतो. नायट्रोजन डायऑक्साइड निळ्या-जांभळ्या भागातील काही बारीक पट्टे शोषतो, ओझोन जंबुपार भागातील शोषतो. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटून पुन्हा हवेतून वर जातो आणि उपग्रहातील उपकरणात शिरतो. ते उपकरण त्या प्रकाशाचे शेकडो बारीक पट्टे वेगळे करून कोणता पट्टा किती फिका पडला ते पाहते. चोराने काय नेले यावरून चोर ओळखावा, तसा हा प्रकार आहे.

धूळ आणि धुराचे कण निराळ्या रीतीने ओळखले जातात. ते प्रकाश विखुरतात, त्यामुळे स्वच्छ दिवशी काळसर दिसणारा समुद्र किंवा गर्द दिसणारी झाडी धुरकट दिवशी वरून पांढुरकी दिसते. या धुरकटपणाला एक अंक देतात. तो ०.१ च्या आसपास असला तर आकाश स्वच्छ समजावे, १ च्या जवळ गेला तर सूर्य मळकट दिसू लागतो.

उपग्रहांचे प्रकार मुख्यतः दोन. पहिला प्रकार पृथ्वीभोवती उत्तर-दक्षिण फिरणारा. अमेरिकेचा टेरा हा १९९९ साली आणि अॅक्वा हा २००२ साली सोडला गेला. युरोपचा सेंटिनेल-५ पी १३ ऑक्टोबर २०१७ रोजी गेला. तो सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून फिरतो, एका फेरीत सुमारे २,६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो आणि जवळजवळ साऱ्या पृथ्वीची रोज एकदा पाहणी करतो. आपल्या डोक्यावरून तो दुपारी दीडच्या सुमारास जातो. त्याच्या नकाशातील एक चौकोन साधारण साडेपाच किलोमीटर लांब व साडेतीन किलोमीटर रुंद असतो, म्हणजे कुर्डुवाडी गाव अशा एक-दोन चौकोनांत मावते.

दुसरा प्रकार भूस्थिर उपग्रहांचा. हे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे एका जागी खिळल्यासारखे वाटतात. आपल्या देशाचा इन्सॅट-३ डीआर हा २०१६ साली आणि इन्सॅट-३ डीएस हा १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडला गेला. बातम्यांत ढगांची जी चित्रे दाखवतात ती अशाच उपग्रहांची. धुळीचे लोट आणि धुके यांवरही ते थोड्या थोड्या वेळाने नजर ठेवतात.

या नजरेतून काय काय दिसले याची दोन उदाहरणे देतो. २५ मार्च २०२० पासून देशात टाळेबंदी झाली. वाहने थांबली, कारखाने थांबले. त्या आठवड्यांत मोठ्या शहरांवरील नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने कमी झाल्याचे उपग्रहाच्या नकाशांवर स्पष्ट दिसले. हवा बिघडवणारे हात कोणाचे, हा वाद तेथेच मिटला. दुसरे उदाहरण २३ जानेवारी २०२२ चे. त्या दिवशी मुंबई-पुण्याकडे आकाश पिवळट झाले आणि मोटारींवर पांढरी धूळ साचली. लोक बुचकळ्यात पडले. उपग्रहाच्या चित्रांत मात्र पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून निघालेले धुळीचे वादळ अरबी समुद्रावरून महाराष्ट्राकडे येताना दिसत होते. हवेला सरहद्द नसते, हे यावरून कळावे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे आपला भाग पर्जन्यछायेत येतो. डोक्यावरून ढग जातात पण पाऊस पडत नाही, हे आपले जुने दुःख. याच कारणासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१७ ते २०१९ या काळात सोलापूर परिसर निवडून ढगांचा मोठा प्रयोग केला. विमाने, रडार आणि जमिनीवरील उपकरणे यांच्या साहाय्याने ढग आणि हवेतील कण यांचा एकत्र अभ्यास झाला. आपणांस वाटेल, ढगांचा आणि कणांचा संबंध काय? संबंध अगदी जवळचा आहे. ढगातला पाण्याचा प्रत्येक थेंब कुठल्यातरी सूक्ष्म कणाभोवती धरतो. कण नसतील तर ढग धरणे कठीण, आणि कण फार झाले तर पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटले जाते व थेंब जड होऊन खाली पडण्यास अडचण येते. योग्य ढग निवडून त्यांत मिठासारख्या कणांचे बीजारोपण केल्यास वाऱ्याच्या दिशेने सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास अधिक पाऊस मिळतो, असा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. दुष्काळावर हा रामबाण उपाय नव्हे. पण हवेतील कणांचा हिशेब हा आपल्या पावसाचाही हिशेब आहे, ही गोष्ट सोलापूरच्या आकाशाखालीच अभ्यासली गेली, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

याच जिल्ह्याबद्दल दुसरी गोष्ट तितकी अभिमानाची नाही. २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा अनेक वर्षे मानकात बसत नाही अशा शहरांची त्यात यादी आहे, आणि त्या यादीत सोलापूर शहराचे नाव आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग चिंता कसली? वरून सारे दिसतेच आहे. येथेच थांबून विचार करावा लागतो. उपग्रहाला पुष्कळ दिसते, पण सगळे दिसत नाही.

पहिली अडचण उंचीची. उपग्रह जमिनीपासून आकाशापर्यंतच्या साऱ्या हवेची मिळून बेरीज पाहतो. आपण मात्र श्वास घेतो तो जमिनीलगतच्या पाच-सहा फुटांतला. तीन किलोमीटर उंचीवरून जाणारी धूळ त्याला ठळक दिसते, पण ती आपल्या नाकात जात नाही. उलट थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. तेव्हा गावाचा धूर वर चढत नाही, झाकण ठेवल्यासारखा खालीच कोंडतो. दुसरी अडचण वेळेची. तो कोंडलेला धूर सकाळी सहा-सातला सर्वांत दाट असतो आणि उपग्रह येतो दुपारी दीडला, धूर विरल्यावर. तिसरी अडचण ढगांची. पावसाळ्यात ढग आडवे आले की खालचे काही दिसत नाही.

चौथी अडचण सर्वांत मोठी. उपग्रहाला छपराखालचे दिसत नाही. ज्या माउलीने आयुष्यभर चुलीपुढे फुंकणी घेऊन डोळे चोळले, तिच्या स्वयंपाकघरातील धूर कोणत्याही नकाशावर उमटत नाही. सोलापूरकडे हजारो स्त्रिया घरात बसून विड्या वळतात, त्यांच्या खोलीतील तंबाखूची भुकटी उपग्रह मोजत नाही. शेवटी निरोगी राहायचे ते या माणसांनाच.

म्हणून आकाशातील मोजमापाला जमिनीवरील मोजमापाची जोड लागते. विज्ञानाच्या इतिहासात याचा एक बोलका दाखला आहे. १९८५ साली दक्षिण ध्रुवाजवळच्या ब्रिटिश संशोधकांनी जमिनीवर ठेवलेल्या जुन्या पद्धतीच्या उपकरणाने दाखवून दिले की तेथील ओझोनचा थर दर वसंतात भयंकर घटतो आहे. त्या वेळी निंबस-७ हा अमेरिकन उपग्रह १९७८ पासून वरून फिरतच होता. त्याच्या नोंदींतही ते कमी आकडे होते, परंतु ते विश्वास बसू नये इतके कमी असल्यामुळे संशयास्पद म्हणून त्यांवर खूण केली गेली होती. जमिनीवरील साक्ष मिळताच ते आकडे पुन्हा तपासले गेले आणि ओझोनच्या छिद्राचा संपूर्ण नकाशा जगापुढे आला. दोनच वर्षांत, १९८७ साली, माँट्रियल येथे जगातील राष्ट्रांनी करार केला. जमिनीवरच्या माणसाने खरे सांगितले आणि आकाशातल्या यंत्राने ते सर्वदूर दाखवले. साक्षीदार दोन असले की खटला उभा राहतो.

आपल्याकडे सतत हवा मोजणारी स्वयंचलित केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. पुण्याच्या त्याच संस्थेने सफर नावाची हवेच्या अंदाजाची व्यवस्था २०१० साली दिल्लीत व २०१३ साली पुण्यात सुरू केली, पुढे ती मुंबईतही आली. तालुक्याच्या आणि जंक्शनच्या गावांत अशी सोय क्वचितच असते. म्हणून छोट्या गावांची हवा चांगलीच असणार असे गृहीत धरले जाते. मोजले नाही म्हणून ती चांगली ठरत नाही.

मग आपण काय करावे? मी तीन गोष्टी सुचवतो. तिन्ही आपल्या हातातल्या आहेत.

पहिली शेतकरी पालकांसाठी. आपला जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा. तोडणी झाली की पाचट पेटवून देण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. आग ओळखणारे उपग्रह आहेत. त्यांतील एका उपकरणाचा चौकोन तर ३७५ मीटरचाच आहे, आणि पेटलेल्या रानांचे लाल ठिपके नकाशावर कोणालाही पाहता येतात. तरीही दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात पेटवून विझलेले रान त्यांच्या नजरेतून सुटते. उपग्रहाच्या नजरेतून सुटले तरी शेजारच्या दमेकरी म्हाताऱ्याच्या छातीतून ते सुटत नाही. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघते. ते जाळले तर त्यातील सेंद्रिय द्रव्य आणि नत्र धुरावाटे जाते. तेच सरीत दाबून, थोडे युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू खत घालून ठेवले तर खोडव्याला खत मिळते, ओल टिकते आणि पाण्याची पाळी वाचते. पाण्यासाठी जीव टाकणाऱ्या आपल्या जिल्ह्यात आच्छादन जाळून टाकावे, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

दुसरी घरातल्या सर्वांसाठी. चूल असेल तर तिला धुराडे हवे, नसेल तर समोरासमोर खिडकी तरी हवी. गॅसची टाकी कोपऱ्यात ठेवून चुलीवरच सारा स्वयंपाक होत असेल तर त्याचे कारण बहुधा पैशाची ओढ हेच असते, ते मी जाणतो. पण निदान तान्हे मूल आणि गरोदर बाई धुरापासून दूर ठेवता येतात. डासांची उदबत्ती, लोबान किंवा ऊद बंद खोलीत लावू नये, दार-खिडकी उघडी ठेवावी. आणि लेकरे झोपलेल्या खोलीत बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बापाला आवरण्याचे काम कोणत्याही उपग्रहाचे नाही, ते घरच्यांनीच केले पाहिजे.

तिसरी गोष्ट शाळेसाठी. शाळेत हवेची एक वही सुरू करावी. सातवी ते नववीच्या मुला-मुलींनी पाळीपाळीने रोज दोनदा, सकाळी सातला आणि दुपारी दीडला, नोंद करावी. शाळेच्या गच्चीवरून निरनिराळ्या अंतरांवरच्या खुणा ठरवून घ्याव्यात. पाण्याची टाकी, मशिदीचा मिनार, रेल्वेचा सिग्नल, दूरची एखादी टेकडी. त्यांतील कोणती स्पष्ट दिसली, कोणती पुसट, कोणती दिसलीच नाही, ते लिहावे. वारा कोणत्या दिशेचा, आकाशाचा रंग कसा, कोठे काय जळते आहे, तेही लिहावे. काचेच्या पट्टीला व्हॅसलिनचा पातळ थर देऊन ती दिवसभर उघड्यावर ठेवावी आणि भिंगाखाली धूळ पाहावी. आठवड्यातून एकदा शिक्षकांनी उपग्रहाचे नकाशे उघडून दाखवावेत आणि आपली दुपारी दीडची नोंद त्यांच्याशी ताडून पाहावी. हे नकाशे विनामूल्य मिळतात, भ्रमणध्वनीवरही उघडतात. संस्थेला परवडले तर बारीक कण मोजणारे एक छोटे यंत्रही घेता येईल. ते ओलसर हवेत जरा जास्त आकडा दाखवते, हे ध्यानात ठेवून त्याचा उपयोग करावा.

चंद्रदर्शनाला गच्चीवर जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही नोंद नवी वाटणार नाही. एकोणतिसाव्या दिवशी मगरिबच्या वेळी पश्चिमेचे क्षितिज किती मळलेले आहे, हे तेच तर पाहत असतात. धुळीच्या थरामागे कोवळा चंद्र हरवतो, हा अनुभव प्रत्येक मोहल्ल्यात आहे. ही नजर आपल्याकडे आहेच, तिला फक्त वही आणि पेन्सिलीची जोड द्यायची आहे. दोन-तीन वर्षे अशी वही चालली तर नगरपालिकेपुढे कचरा जाळण्याबद्दल अर्ज करताना आपल्या हातात तक्रारीबरोबर पुरावाही असेल.

आता विद्यार्थी मित्रांनो, दोन शब्द तुमच्याशी. या शास्त्राला लागते काय? भौतिकशास्त्र, गणित, रसायन, भूगोल आणि संगणक. पुण्याच्या विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था घरबसल्या शिकता येतील असे विनामूल्य अभ्यासक्रम चालवते. हैदराबादला राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आहे, अहमदाबादला अवकाश उपयोग केंद्र आहे, पुण्यात हवामान खाते आहे. या दारांवर जात आणि धर्म लिहिलेला नाही, तेथे गुणपत्रिका पाहतात.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळात थुंबा येथून आपल्या देशातून पहिला अग्निबाण सोडला गेला, तो उंचावरील वातावरणाच्या अभ्यासासाठीच. त्या तुकडीत रामेश्वरमच्या एका नावाड्याच्या घरातला तरुण अभियंता होता, ए. पी. जे. अब्दुल कलाम. त्यांचे नाव आपल्या प्रत्येक घरात आहे. त्याच थुंब्याची हवामान वेधशाळा उभारणाऱ्या बाईंचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या होत्या अॅना मणी. जन्म १९१८ चा, केरळातला. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. परदेशातून आणावी लागणारी हवामानाची उपकरणे येथेच बनवण्याचे काम त्यांनी उभे केले. ओझोन मोजणारे उपकरण फुग्याबरोबर वर सोडण्याची भारतीय बनावटीची सोय त्यांच्याच खटपटीने झाली. १९७६ साली त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. आज आपण उपग्रहाच्या आकड्यांवर जो विश्वास ठेवतो, त्यामागे जमिनीवर अचूक उपकरणे लावणाऱ्या अशा माणसांची मेहनत आहे.

पालकहो, हे मी मुद्दाम सांगितले. दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवणाऱ्या मुली आपल्या वस्तीत आहेत. पुढे प्रश्न येतो तो बाहेरगावी पाठवण्याचा. वसतिगृह कसे असेल, खर्च कसा झेपेल, लोक काय म्हणतील. यांतील पहिले दोन प्रश्न खरे आहेत आणि ते सोडवण्यासाठीच शिक्षण संस्था असतात. शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरणे, चांगले वसतिगृह शोधणे, चार घरच्या मुलींना एकत्र पाठवणे, हे करता येते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलगी स्वतःच्या कामाने देते, फक्त तिला तेवढी वर्षे मिळाली पाहिजेत. ज्या स्वयंपाकघरातला धूर उपग्रहाला दिसत नाही, त्या घराच्या आत जाऊन मोजमाप करायला, तेथील बाईशी तिच्या बोलीत बोलायला, आपल्याच मुली लागतील. परक्या तज्ज्ञाला ते दार उघडले जात नाही. म्हणजे हे काम आपल्या मुलींवाचून अडलेले आहे.

आपल्या धर्माची सुरुवातच वाचण्याच्या हुकमाने झाली. आजवर आपण वाचन म्हणजे पुस्तकाचे समजलो. आकाश, प्रकाश, धूर आणि धूळ हीदेखील वाचण्याचीच पाने आहेत. पहाटेच्या पांढऱ्या रेघेवरून हवेची उंची मोजणारा काझी ज्या परंपरेत होऊन गेला, त्या परंपरेतल्या मुलांना उपग्रहाचा नकाशा परका वाटण्याचे कारण नाही.

वरून जाणारा उपग्रह रोज दुपारी दीडला आपल्या गावाची नोंद घेऊन जातो. खालून कोणी नोंद ठेवत नाही. येत्या सत्रात शाळेत ती वही सुरू व्हावी, एवढी विनंती मी संस्थेच्या चालकांना करतो. वही दोन रेघांची असली तरी चालेल, एकही दिवस कोरा जाऊ नये म्हणजे झाले.